लाखेची तबकडी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें. त्यांत चूक आमची होती, हें आरंभींच कबूल करून या महिन्याचें लिहिणें सुरू करावें हें बरें. दिवेलागण होऊन गेली होती. सून स्वयंपाकघरांत होती आणि आमची सोळा वर्षांची नात बाहेरच्या खोलींत अभ्यासाला बसली होती. अभ्यासाला म्हणजे पुस्तक पुढें उघडें आणि शेजारीं मोबाइलवर गाणें चालू. गाणें कोरियन भाषेंतलें. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. दोनदां खाकरलों, तिसऱ्या वेळीं चष्मा काढला आणि म्हणालों, "अग, हें गाणें आहे कीं भांड्यांची आदळआपट? शब्द कळत नाहींत, सूर सांपडत नाहीं, आणि म्हणे गाणें!"

नात उलट बोलली नाहीं. तिनें गाणें बंद केलें, पुस्तक मिटलें आणि ती आंत निघून गेली. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेंत जे शब्द आमच्या कानांत घुमत राहिले, ते आमचे नव्हतेच. ते आमच्या वडिलांचे होते. सन १९६४ सालीं, सदाशिव पेठेंतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत, चौदा वर्षांचे असतां आम्हीं हेंच वाक्य याच आवाजांत ऐकलें होतें. साठ वर्षें तें कोठें दडून बसलें होतें कोण जाणे. वेळ येतांच बाहेर पडलें.

त्या रात्रीं झोंप लागेना. म्हणून तरुणपणीच्या गाण्यांची उजळणी करीत पडलों. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण ज्या घरांत दोनतीन पिढ्या एका छपराखालीं राहतात, त्या घरांत हा तंटा आज नाहीं तर उद्यां उभा राहावयाचाच.

आमच्या वडिलांना घरांत सर्व जण नाना म्हणत. ते शाळेंत संस्कृत शिकवीत. त्यांचा जन्म १९०८ सालचा. म्हणजे त्यांचें तरुणपण हें बालगंधर्वांच्या ऐन भराचें. घरांत चावीचा एक ग्रामोफोन होता आणि एका लांकडी पेटींत, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या, पंचवीसएक तबकड्या होत्या. रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं नाना स्वतः चावी देत, स्वतः सुई बदलीत, आणि मग घरांत कोणीं भांड्याचासुद्धां आवाज करावयाचा नाहीं असा दंडक असे. तबकडी संपली कीं ते डोळे उघडीत आणि दर वेळीं एकच वाक्य बोलत: "आतां असें गाणें होणें नाहीं."

रेडिओच्या बाबतींत मात्र घरांत दोन पक्ष होते. सन १९५२ सालीं दिल्लीस नभोवाणीखातें ज्यांच्याकडे आलें, ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांच्या धोरणानें आकाशवाणीवरून सिनेमाचीं गाणीं जवळजवळ नाहींशीं झालीं. लोकांची अभिरुचि सुधारावी हा हेतु चांगला. पण परिणाम असा झाला कीं घरोघरच्या रेडिओचे कांटे सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविधभारती सुरू झाली, तरी सिलोनची गोडी सुटली नाहीं. नाना केसकरांच्या पक्षाचे. आम्ही भावंडें सिलोनच्या. आणि सिलोनवर नुसतीं हिंदी गाणींच लागत असें नाहीं. विलायतेंतलीं नवीं इंग्रजी गाणींहि लागत. लखनौस जन्मलेला क्लिफ रिचर्ड आम्हांस तेथेंच भेटला. लघुलहरींवरचें तें गाणें लाटांवरच्या होडीसारखें खालींवर होई. एखादी ओळ मध्येंच बुडे, पुढची वर येई. बुडालेली ओळ आम्ही मनानें भरून काढूं. पुढें कित्येक वर्षांनीं तीं गाणीं स्वच्छ ऐकावयास मिळालीं, तेव्हां आमच्या मनांतल्या ओळी अगदींच निराळ्या होत्या असें आढळलें. आणि खरें सांगावयाचें तर खऱ्या ओळी ऐकून थोडी निराशाच झाली.

याच सुमारास बीटल्सचें नांव कानावर आलें. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे लिव्हरपूल या बंदराच्या शहरांतले चार तरुण. त्यांची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्यें निघाली, आणि ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं ते अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर गायले तेव्हां सुमारें सात कोटी तीस लक्ष लोकांनीं तो कार्यक्रम पाहिला. या चौघांचीं गाणीं आपल्याकडे कलकत्त्याजवळ डमडम येथील कारखान्यांत निघत. विलायतेंत तोंवर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या मागें पडल्या होत्या. पण हिंदुस्थानांत अजून पुष्कळ घरीं चावीचेच ग्रामोफोन होते. तेव्हां बीटल्सचीं गाणींहि येथें त्या जुन्या धर्तीच्या तबकड्यांवर निघालीं. जगांतल्या सर्वांत नव्या गाण्यानें सर्वांत जुन्या यंत्रावर बसून आमच्या वाड्यांत प्रवेश केला, तो या सोयीमुळें.

तबकडी आमच्या चुलतभावानें आणली. गाणें 'कान्ट बाय मी लव्ह'. नाना शिकवणीला बाहेर गेले आहेत अशी खात्री करून आम्हीं ती त्यांच्याच ग्रामोफोनवर चढविली. ज्या कर्ण्यांतून आजवर फक्त बालगंधर्व ऐकले होते, त्यांतून ते चौघे एकदम ओरडून उठले तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला. गाणें उणेंपुरें सव्वादोन मिनिटांचें. संपलें, आणि दारांत नाना उभे! मग तें वाक्य आलें, जें गेल्या महिन्यांत आमच्या तोंडून निघालें. पुढें मात्र त्यांनीं विचारलें, "अर्थ काय याचा?"

"पैशानें प्रेम विकत मिळत नाहीं, असा आहे, नाना."

"एवढें सांगायला इतका आरडाओरडा? आपल्याकडे तें कोणत्याहि सुभाषितांत सांपडेल." असें म्हणून ते आंत गेले. तबकडी ठेवून घ्यावयास त्यांनीं हरकत घेतली नाहीं. पण ती पेटींत अगदीं तळाशीं, नुसत्या कागदांत, इतर तबकड्यांना स्पर्श होणार नाहीं अशी ठेवावी लागली.

आज वाटतें, त्या दोन प्रकारच्या गाण्यांत एक नातें होतें, तें त्यांनाहि दिसलें नाहीं आणि आम्हांसहि नाहीं. दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांपलीकडे गाणें मावत नसे. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत बालगंधर्व जें पद रंगवीत, तें तबकडीसाठीं त्यांना या तीन मिनिटांत आवरावें लागे. विलायतेंतल्या गाण्याला तीन मिनिटांची संवय लागली तीहि मुळांत याच तबकडीमुळें. नानांचें तरुणपण आणि आमचें तरुणपण एकाच मापाच्या भांड्यांत भरलेलें होतें. आम्ही मात्र भांडत होतों तें आंतल्या पाण्यावरून.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आजहि हात थोडा अडखळतो.

आमची थोरली बहीण, अक्का, आमच्याहून आठ वर्षांनीं मोठी. बी. ए. होऊन ती शाळेंत शिकवूं लागली होती. सन १९६५ सालीं तिनें आपल्याबरोबर शिकविणाऱ्या एका गृहस्थांशीं, ते आपल्या जातीचे नसतां, नोंदणीचें लग्न करण्याचें ठरविलें. घरांत महिनाभर कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. शेवटीं एके दिवशीं पहाटे ती उठली, देवापुढें एक चिठ्ठी ठेविली आणि निघून गेली. चिठ्ठी आईला सांपडली. नानांनीं ती वाचली, घडी करून खिशांत ठेवली, आणि त्या दिवसापासून घरांत अक्काचें नांव निघेनासें झालें. ते रागावले नाहींत, ओरडले नाहींत. नुसतें नांव थांबलें. आई चुलीपाशीं डोळे पुशी आणि कोणी विचारलें तर धुराचें निमित्त सांगे.

अशींच दोन वर्षें गेलीं. १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यांतच बालगंधर्व वारले. त्या दिवशीं नाना जेवले नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं ग्रामोफोन काढला, चावी दिली, आणि तबकडी न लावतांच ते बराच वेळ समोर बसून राहिले. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाचें तरुणपण त्या दिवशीं संपलें होतें. आम्ही तेव्हां सतरा वर्षांचे होतों. आम्हांस तें कळलें नाहीं. आम्हांस एवढेंच वाटलें कीं, एक वृद्ध नट गेला, त्यासाठीं इतकें काय?

त्याच वर्षीं, जूनच्या आरंभास, बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही मोठी तबकडी विलायतेंत निघाली होती. आमचा एक पारशी मित्र लष्करांत राहत असे. दिवाळीच्या सुटींत तो ती तबकडी आणि विजेवर चालणारें एक छोटें यंत्र घेऊन आमच्या वाड्यावर आला. नाना आंतल्या खोलींत कांहीं लिहीत बसले होते. आम्हीं आवाज अगदीं बारीक ठेवून पहिली बाजू ऐकली आणि मग दुसरी लावली.

दुसऱ्या बाजूचें पहिलें गाणें जॉर्ज हॅरिसनचें आहे. त्यांत बाकीच्या तिघांपैकीं कोणाचेंहि वाद्य नाहीं. लंडनमध्यें राहणाऱ्या भारतीय वादकांना बोलावून त्यानें तें केलें. आरंभीं तंबोरा घुमतो, मग दिलरुबा गाऊं लागतो. तंबोऱ्याचा नाद कानीं पडतांच आंतल्या खोलीचें दार उघडलें. नाना बाहेर आले. आम्ही यंत्र बंद करावयास धांवलों, तर त्यांनीं हातानेंच थांबविलें आणि विचारलें, "दिलरुबा कोण वाजवतो हा?" आम्हीं सांगितलें, "हें साहेबाचें गाणें आहे, नाना." ते कांहीं न बोलतां पाटावर बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. पुढचें गाणें एका तरुणानें आपल्या म्हातारपणाविषयीं म्हटलेलें, तेंहि त्यांनीं ऐकलें. मग तबकडीचें वेष्टण हातांत घेतलें.

त्या वेष्टणाच्या पाठीवर सर्व गाण्यांचे शब्द छापलेले होते. गाण्याच्या तबकडीवर असे सगळे शब्द छापण्याची चाल तोंवर नव्हती म्हटलें तरी चालेल. नानांना इंग्रजी उच्चार कळत नसत, पण छापील इंग्रजी ते आमच्याहून चांगलें वाचीत. चष्मा लावून, दिव्याखालीं बसून, पोथी वाचावी तसे ते एकेक गाणें वाचूं लागले. एका ठिकाणीं त्यांचें बोट थांबलें. बराच वेळ तें हललें नाहीं.

तें गाणें पहिल्या बाजूवरचें, 'शीज लीव्हिंग होम'. फेब्रुवारी १९६७ मध्यें लंडनच्या एका दैनिकांत बातमी आली होती कीं एक सतरा वर्षांची मुलगी घर सोडून निघून गेली आहे आणि तिला कशाचीहि उणीव नसतां ती कां गेली, हें आईबापांना उमगत नाहीं. ती बातमी वाचून मॅकार्टनीनें तें रचलें. त्यांत गिटार नाहीं, ढोल नाहीं. नुसतीं तंतुवाद्यें आणि हार्प. मुलगी पहाटे चिठ्ठी ठेवून जाते. आईला ती सांपडते. मुलीची हकीकत एक आवाज सांगतो, आणि मध्यें मध्यें दुसरा आवाज, तो लेननचा, आईबापांच्या तोंडचे शब्द म्हणतो: आपण हिला काय कमी केलें, आपलें काय चुकलें. चोवीस वर्षांच्या मुलानें मुलीचें गाणें करतांना आईबापांना त्यांत बोलूं दिलें आहे, ही त्या गाण्याची थोरवी. त्यांना तो हिणवीत नाहीं, आणि मुलीला दोषहि देत नाहीं.

नाना म्हणाले, "हें लाव पुन्हां."

आम्हीं लावलें. आई स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली होती. तिला इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें. पण नानांचा चेहरा तिला वाचतां येत होता. गाणें संपल्यावर नानांनीं विचारलें, "ही मुलगी परत येते का यांत?"

"नाहीं, नाना. गाणें एवढेंच आहे."

त्यांनीं वेष्टण आमच्या हातांत दिलें आणि ते आंत गेले. पुढें त्या विषयावर घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. पण महिन्याभरानें आईनें आम्हांस हळूच सांगितलें कीं, नानांनीं स्वतः पोस्टांत जाऊन एक पत्र टाकलें. १९६८ च्या जानेवारींत जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. आम्हांस त्याची वार्ताहि नव्हती. आम्हांस असती तरी आम्ही गेलों नसतों. कारण त्याच जानेवारींत, संक्रांतीच्या दिवशीं, अक्का तिळगूळ घेऊन वाड्याच्या दारांत उभी होती. नानांनीं तिला "ये" एवढेंच म्हटलें. आईनें तिच्यावरून भाकरतुकडा ओंवाळून टाकला.

हें सर्व एका गाण्यानें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. दोन वर्षें आईचे अश्रु होते, नानांचें मन होतें, जुलैंतलें तें मरण होतें. पण दगडाखालीं पाणी असलें तरी पहार कोणीतरी मारावी लागते. आणि ती पहार ज्या गाण्यानें मारली, त्याच मंडळींच्या गाण्याला तीन वर्षांपूर्वीं "आरडाओरडा" म्हणून तळाशीं टाकलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आमच्या वयाचीं माणसें एकत्र जमलीं कीं दोन वाक्यें हमखास ऐकूं येतात: "काय गाणीं होतीं तेव्हांचीं!" आणि "हल्लीं गाण्यांत कांहीं राहिलें नाहीं." पहिलें वाक्य खरें आहे, दुसरें मात्र तपासून घ्यावें.

मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनीं पुष्कळांच्या आठवणी तपासून असें पाहिलें आहे कीं, उतारवयांत माणसाला जें सर्वांत अधिक आठवतें, तें साधारणपणें दहाव्या आणि तिसाव्या वर्षांच्या दरम्यानचें. म्हणजे आमच्या मनांत बीटल्स ज्या जागीं बसले आहेत, त्याच जागीं नानांच्या मनांत बालगंधर्व होते. जागा एकच, तींत कोण येऊन बसावें हें जन्मसालानें ठरतें.

दुसरें असें कीं, काळ हा मोठा चाळणीवाला आहे. फेब्रुवारी १९६७ मध्यें बीटल्सची एक तबकडी निघाली; एका बाजूस 'पेनी लेन', दुसरीस 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'. आज जाणते लोक तिला त्या काळच्या उत्तमोत्तम तबकड्यांत मोजतात. पण विलायतेंत तिला पहिला क्रमांक मिळाला नाहीं. तिला मागें सारलें तें 'रिलीज मी' या एका जुन्या वळणाच्या विरहगीतानें. गाणारा एंगेलबर्ट हंपरडिंक, जन्म मद्रासचा. तेव्हां आमच्या तरुणपणीं सारे लोक उत्तमच ऐकत होते, हा आमचा भ्रम आहे. सुमार गाणीं तेव्हांहि ढिगानें होतीं. काळानें तीं चाळून टाकलीं आणि उरलेलें घेऊन आम्ही नातवंडांच्या न चाळलेल्या पिठाशीं तुलना करतों. हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्या गाण्यांसाठीं आम्ही झुरतों, तीं गाणीं स्वतःच कोणासाठीं तरी झुरत होतीं. 'पेनी लेन' हा लिव्हरपूलमधला रस्ता आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड' ही लेननच्या घराजवळची अनाथ मुलांच्या आश्रमाची बाग. एकाचें वय चोवीस, दुसऱ्याचें सव्वीस. आणि दोघेहि बालपणाच्या आठवणी काढीत बसलेले! 'सार्जंट पेपर'वरचें म्हातारपणाचें जें गाणें नानांनीं ऐकलें, त्यांत चौसष्टाव्या वर्षींहि तूं माझी काळजी घेशील ना, असें एक तरुण विचारतो. त्याची चाल मॅकार्टनीनें लहान असतांनाच बांधलेली होती. ध्वनिमुद्रण झालें डिसेंबर १९६६ मध्यें, आणि त्याच वर्षीं त्याचे वडील चौसष्ट वर्षांचे झाले होते. हे वडील तरुणपणीं स्वतःचा वाद्यवृंद चालवीत आणि घरीं पियानो वाजवीत. त्या गाण्याचा सारा बाज त्यांच्या पिढीचा आहे. जगाला ज्या मुलांनीं नवें गाणें दिलें, त्यांच्या गाण्यांत बापाचा पियानो वाजत होता. आम्हीं साठ वर्षें तें ऐकलें, पण बापाचा पियानो कांहीं आम्हांस ऐकूं आला नव्हता.

मग हरवलें तें काय? गाणीं तर हरवलीं नाहींत. खिशांतल्या मोबाइलवर तीं सर्व हजर आहेत. हरवलें तें ऐकणें. एक यंत्र आणि भोंवतीं सारें घर. आवडो वा न आवडो, प्रत्येकाच्या कानावर प्रत्येकाचें गाणें पडे. नानांना तंबोरा ऐकूं आला तो भिंतीपलीकडून. आज प्रत्येकाच्या कानांत स्वतःची बोंडकी असती, तर तें दार उघडलेंच नसतें. आमची नात त्या दिवशीं गाणें मोठ्यानें लावून बसली होती. तिनें आम्हांस ऐकण्याची संधि दिली होती, आणि आम्हीं ती दवडली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना आम्ही तिला म्हणालों, "कालचें गाणें लाव ग. आणि अर्थ सांग." तिनें आधीं संशयानें पाहिलें. मग लावलें. बीटीएस नांवाच्या सात तरुणांच्या मेळ्याचें तें गाणें. नांव 'स्प्रिंग डे', निघालें २०१७ सालीं. दूर गेलेल्या मित्राची आठवण येत आहे, हिंवाळा सरत नाहीं, बर्फ वितळून वसंत केव्हां येईल, असा त्याचा आशय. तिनें मोबाइलवर भाषांतर काढून दाखविलें. आम्हीं चष्मा लावला. वाचतां वाचतां आमचें बोटहि एका ओळीवर थांबलें, तेव्हां नानांची आठवण झाली.

आम्हीं विचारलें, "तुला हें कां आवडतें?" ती म्हणाली, "आजोबा, हें माझें लहानपणचें गाणें आहे. मी आणि शेजारची माझी मैत्रीण रोज ऐकायचों. ती आतां परदेशीं गेली." सोळा वर्षांची पोर, आणि "माझें लहानपणचें गाणें"! हंसूं आलें, पण चोवीस वर्षांचा मॅकार्टनी आठवला आणि हंसूं गिळलें. गेले कित्येक महिने ही मुलगी गप्प गप्प कां असते, असें सून विचारीत होती. उत्तर घरांतच वाजत होतें.

गाणें आम्हांस आवडलें का? खरें सांगावयाचें तर अजून नाहीं. पण अर्थ कळल्यापासून तें भांड्यांची आदळआपट वाटत नाहीं. मग तिनें आमच्यासाठीं एक शोधून काढलें. २ नोव्हेंबर २०२३ रोजीं बीटल्सचें 'नाउ अँड देन' हें गाणें निघालें. लेननला डिसेंबर १९८० मध्यें न्यूयॉर्कला गोळी घालून मारलें. त्याआधीं त्यानें घरीं पियानोवर बसून तें एका साध्या फितीवर नोंदवून ठेविलें होतें. नव्या यंत्रविद्येनें त्याचा आवाज पियानोपासून निराळा काढला. २००१ सालीं वारलेल्या हॅरिसनची जुनी गिटार त्यांत आहे, आणि उरलेल्या दोघां वृद्धांनीं बाकीचें पुरें केलें. गेलेल्या मित्राबरोबर पुन्हां एकदां गाणें, याचा अर्थ त्या दिवशीं आम्हां दोघांनाहि, आजोबांना आणि नातीला, कोणी सांगावा लागला नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९८१ सालीं नाना गेले. दिवसकार्य झाल्यावर अक्कानें आणि आम्हीं ती लांकडी पेटी उघडली. आमची तबकडी तळाशीं असेल म्हणून सगळ्या तबकड्या काढीत गेलों. ती तळाशीं नव्हती. बालगंधर्वांच्या दोन तबकड्यांच्या मध्यें, त्यांच्यासारखीच जुन्या धोतराच्या तुकड्यांत नीट गुंडाळून ठेवलेली होती. नानांनीं ती केव्हां हलविली, तें ते बोलले नाहींत. अक्का ती हातांत घेऊन पुष्कळ वेळ बसली होती. आज अक्काहि नाहीं.

ग्रामोफोनची कमान आतां तुटलेली आहे, त्यामुळें ती तबकडी वाजत नाहीं. पण परवां नातीला काढून दाखविली. तिनें ती दोन्ही हातांनीं जपून धरली आणि विचारलें, "एवढ्या जड तबकडीवर एकच गाणें?" आम्हीं म्हणालों, "एका बाजूला एक. पण ऐकायला सारें घर असे."

आमच्या घरीं आतां असा नेम ठरला आहे कीं, रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांत लहानानें एक गाणें लावावयाचें आणि सर्वांत मोठ्यानें एक, आणि दोन्ही सर्वांनीं संपेपर्यंत ऐकावयाचीं. टीका अर्थ विचारल्यावांचून करावयाची नाहीं. नेम नवा आहे. किती टिकेल सांगवत नाहीं. वाचकांनीं आपल्या घरीं करून पाहावा आणि काय अनुभव येतो तें आम्हांस अवश्य कळवावें.